बांधावरची नागअळी

॥ श्री ॥
रिहे, १४ जुलै २०२५

सौ. हेमलता हिस,

थोरल्या जावेनं धाकटीला आशीर्वाद लिवायची रीत हाय, म्हणून लिवते. वि. वि.

तुझ्या-माझ्या दारात पंधरा पावलांचं अंतर, आन् हे पत्र पौडला जाऊन पोस्टमनच्या गाडीवर परत हितंच येणार. येऊ दे. तुझ्या शंभूच्या हळदीला थोरली असून मला मागं बसवलंस, त्या दिवशी तुझ्याशी बोलणार न्हाई म्हणले आन् अकरा वर्सं पाळलं. लिवणार न्हाई असं काय म्हणले नव्हते. तुझ्या नवऱ्याबरोबर निरोप दिला असता, पण हैबतभाऊजी दोन्ही घरात चहा पितात आन् निरोप एकाबी घरात पोचवत न्हाईत.

कामाचं लिवते. माझ्या लिंबांच्या कवळ्या पानांवर रुपेरी रेघा उमटल्यात. गोगलगाय भिंतीवरनं गेल्यावर राहते तशी रेघ, पण नागासारखी वाकडीतिकडी आन् पानाच्या आत. बोटानं पुसत न्हाई. मग पान मुरडतं आन् वाळतं. एकतीस झाडांतलं एक सुटलं न्हाई. नागअळी म्हणतात हिला. गेल्या साली नव्हती. उन्हाळ्यात शंभूनं कुठल्याशा नर्सरीतनं टेम्पो भरून रोपं आणली आन् तू ती तुझ्या जुन्या झाडांच्या अलीकडं, बांधाला चिकटून लावलीस. आता मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज न्हाई.

मी रोज सकाळी वाकडं दिसंल ते पान तोडते आन् ढीग बांधावर टाकते, तुझ्या अंगाला. जिथनं आली तिथं जाऊ दे.

शेखरचं तुला ठाऊक असंलच, तुझे कान माझ्या भिंतीला असतात. त्यो म्हणतो, आई, गुडघे गेले, कान गेले, आता लिंबंबी गेली तर तितं एकटीनं कशाला राहायचं. दिवाळी झाली की बघायला येणार. बाग उभी दिसली तर मी हितं, न्हाई तर पुण्याकडं सूसला, त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटात. तितं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. मी जाणार न्हाई. तुझ्या रोपांपायी तर मुळीच न्हाई.

कळावे. लोभ न्हाई, तवा तो वाढवायची विनंतीबी न्हाई.

गोजराबाई


॥ श्री ॥
रिहे, २२ जुलै

तीर्थरूप जाऊबाईंस,

सा. न. वि. वि. नमस्कार बांधाच्या अलीकडनंच घ्यावा.

पत्र पोचलं. तुमची तिसरी आन् माझी सातवी, तरी तुमचं अक्षर लागलं. शिव्या कसल्याबी अक्षरात वाचता येतात.

रोपं नर्सरीतनं आणली हे खरं. पण रेघा आधी तुमच्या झाडांवर आल्या. ह्यांनीच मला ज्येष्ठात सांगितलं, तुमच्याकडनं चहा पिऊन आल्यावर. वर तुमी तो पानांचा ढीग माझ्या अंगाला टाकता. दिवेलागणीला त्यातनं पांढरी बारीक पाखरं उठतात आन् माझ्या झाडांत शिरतात. शंभू दर आठ दिवसांनी पाठीवर पंप घेऊन औषध मारतो. चार दिवस झाडं बरी दिसतात, पाचव्या दिवशी नव्या पालवीवर रेघा हायेतच. कुणामुळं, ते माझ्या तोंडून वदवू नका.

हळदीचं म्हणाल तर तुमी उशिरा आलात आन् पुढचे पाट भरले होते. अकरा वर्सांत एवढं सांगायला तुमी मला जागा दिली न्हाईत.

शेखर नेतो म्हणतो तर जावा की. नवव्या मजल्यावर अळी चढत नसंल. तुमची बाजू शंभू कसंल. तिकडं ऊन चांगलं पडतं.

लोभ आहे तेवढाच राहू द्यावा, त्यातनं आणखी काढायला काय उरलेलं न्हाई.

सौ. हेमलता


॥ श्री ॥
रिहे, १ ऑगस्ट

चि. सायलीस आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तू शेतकीच्या कॉलेजात दोन वर्सं बसलीस, तितं बसून काय शिकलीस ते आता कळंल. वहीच्या कागदात लिंबाची तीन पानं घालून पाठवलीत. ही अळी पानाच्या आत शिरते कशी, आन् तिला मारायची कशी, एवढं दोनच सांग. तुझ्या मास्तरांचं भाषण नको.

नागपंचमीला तोडायचं-चिरायचं न्हाई म्हणून एक दिवस हात आवरला. बाकी रोज पानं तोडते. पण झाडांना यंदा काय झालंय कळंना. जितकं तोडावं तितकी पालवी फुटतीय, आन् आठवड्याच्या आत तीबी रेघाळतीय. पलीकडची ती बया दर आठ दिवसांनी विष मारते, त्याचा वास माझ्या भातात येतो, अळी मात्र मरत न्हाई.

तुझा बाप परवा येऊन गेला. झाडांकडं बघून मान हलवली आन् तुझी खोली मला दिली तर तू हॉलमधे झोपशील का, याचा विचार माझ्यापुढंच करत बसला. तू झोपशील. मी येणार न्हाई.

फोन करू नकोस. मला नुसती घरघर ऐकू येते, आन् मग तू वराडतेस. दोघींची अब्रू जाते.

खाऊन-पिऊन रहा. लोभ पत्र लिवण्यापुरता तरी ठेव.

आजी


पुणे, ८ ऑगस्ट

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

पानं मिळाली. नागअळी म्हणजे एका पतंगाची अळी, एवढं तुला सांगते आणि थांबते. पुढचं मी सांगितलं तर तू ऐकणार नाहीस. बाबांचं कधी ऐकलं आहेस? म्हणून तूच बघ. सोबत माझं भिंग पाठवते आहे. लोणच्याची काचेची बरणी रिकामी कर. औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी भरून त्यात लिंबाची फांदी खोच, एक जून पान आणि बाकी कोवळी असलेली. बरणीच्या तोंडाला पातळ फडकं बांध आणि रोज बघत जा. फांदी सुकली की नवी ठेव. मुडपलेली पानं मिळाली तर तीही आणून दुसऱ्या बरणीत ठेव.

जमल्यास धाकट्या आजीच्या बाजूचीही ठेव, पण तिला विचारून.

हॉलमधे झोपायला माझी हरकत नाही. तुझ्या घोरण्याला मात्र आहे.

तुझा राग चांगला आहे, तो माझ्यावर असाच राहावा.

सायली


॥ श्री ॥
रिहे, ४ सप्टेंबर

चि. सायलीस आशीर्वाद. वि. वि.

गणपतीच्या गडबडीत लोकांनी मोदक केले आन् मी बरणीपुढं बसले. बारा ऑगस्टला फांदी ठेवली. भिंगातनं बघितलं तर कवळ्या पानाच्या खालच्या अंगाला, मधल्या शिरेजवळ, पाण्याचा थेंब. मोहरीचे दहा तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढा. पुसायला गेले, मग म्हणलं राहू दे. ते अंडं होतं.

तिसऱ्या दिवशी थेंब न्हाई, आन् तिथनंच रेघ सुरू. म्हणजे ही रांड अंड्यातनं बाहेर येऊन चालतबी न्हाई, सरळ पानात घुसते. पानाला वरची साल आन् खालची साल, त्यांच्या मधी ही. ऊन न्हाई, पाऊस न्हाई, शंभूचं औषध न्हाई. पिवळट, पाय नसलेली. पुढं पुढं खात जाते आन् मागं रेघेच्या मधोमध काळा दोरा सोडते. त्यो दोरा म्हणजे तिची घाण. घरातच जेवायचं आन् घरातच हागायचं. नवव्या मजल्यावरबी असंच असतं, असं मी तुझ्या बापाला म्हणले तर त्याला राग आला.

वीस तारखेला जेवण बंद झालं. पानाच्या कडेला गेली आन् करंजीला मुरड घालावी तशी कड आपल्यावर ओढून घेतली. आत कोष. सत्तावीसला सकाळी पाखरू बाहेर. तांदळाच्या कणीएवढं, पांढरं, पंखांना झालर आन् टोकाला एकेक काळा ठिपका. देखणं हाय, खोटं कशाला बोलू. दिवसभर मेल्यासारखं गप्प, दिवेलागणीला उडायला लागलं. बरणीत नवी फांदी ठेवली होती. जून पानाला ते शिवलं न्हाई. नुसतं कवळ्यावर बसायचं. सहा दिवसांनी तळाशी मेलेलं सापडलं.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं न्हाई. जून पानाला ती शिवत न्हाई. मग मी रोज पानं तोडून झाडाला कवळी पालवी फुटायला लावते, म्हणजे दोन महिने मीच तिला ताट वाढते. तू हे जाणत होतीस. मला न सांगता बरणी धुवायला लावलीस. बापापेक्षा लबाड हायेस, ही तुझ्यातली बरी गोष्ट.

आता दुसऱ्या बरणीचं. माझ्या झाडांची सात मुडपलेली पानं ठेवली होती. चारांतनं पांढरं पाखरू आलं. तिनांतनं घुंगुरट्यापेक्षा बारीक, काळी चकचकीत माशी आली. पान उकलून बघितलं तर आत अळीचं नुसतं वाळकं कातडं. हेमलतानं हे दुसरं काय सोडलं, असं म्हणून बरणी उकिरड्यावर टाकायला निघाले होते. मग तिच्या झाडाचीबी पाच पानं आणली, ती दुपारची झोपलेली असताना. तू विचारून आण म्हणालीस, ते तुझ्यापाशी ठेव. तिच्या पाची पानांतनं पाचबी पांढरी पाखरं. काळी माशी एकबी न्हाई.

ही माशी कोण, ते लगेच कळव. दिवाळी लांब न्हाई.

आजी


पुणे, १० सप्टेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या बाईंना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला, तो तुला माहीत आहे.

काळी माशी तुझ्या बाजूची आहे. ती अळीच्या अंगावर अंडं घालते आणि तिचं पिल्लू अळीला संपवतं. धाकट्या आजीकडे ती नाही, कारण औषधाने आधी माशी मरते. अळी पानाच्या आत असते, तिला औषध नीट पोचत नाही. तू तोडून कोवळं फुटवतेस आणि धाकटी आजी माशी मारते. तुमच्यापैकी एकीने थांबून उपयोग नाही.

एक वाईट बातमी. बाबांनी २६ ऑक्टोबरच्या रविवारी टेम्पो सांगून ठेवला आहे. तेव्हा माझी परीक्षा आहे, मला येता येणार नाही. त्यांच्याशी भांडून झालं, उपयोग झाला नाही.

माया असू दे, दाखवली नाहीस तरी चालेल.

सायली


॥ श्री ॥
रिहे, १५ सप्टेंबर

सौ. हेमलता हिस,

आशीर्वाद मागच्या पत्रातला अजून चालंल. वि. वि.

तुझी पाच पानं मी चोरली. बरणीत ठेवून बघितली. आता ऐक, म्हणजे वाच.

अळी फक्त कवळं पान खाते. मी पानं तोडते, मग माझ्या झाडांना दहा-बारा दिवसांत कवळं फुटतं. तू औषधाबरोबर युरिया टाकतेस, मग तुझ्या झाडांना वेगळ्या वेळी फुटतं. माझ्याकडचं जून झालं की पाखरू बांध ओलांडून तुझ्याकडं, तुझ्याकडचं जून झालं की माझ्याकडं. एक दिवस उपाशी राहिलं न्हाई. आपल्या सासऱ्यांच्या वक्ताला बाग एक होती, एका आठवड्यात साऱ्या बागेची छाटणी व्हायची, सारी पालवी एकदम फुटायची आन् एकदम जून व्हायची. आपण बोलायचं सोडल्यापासनं तू तुझ्या दिवशी कात्री लावतेस, मी माझ्या. तुला विचारायचं न्हाई म्हणून मी कधी बांधापलीकडं बघितलंच न्हाई. ही माझी चूक. तुझी चूक शंभूचा पंप. अळीला खाणारी काळी माशी हाय, ती त्यानं मारली.

तवा आजपासनं दिवाळीपर्यंत मी पान तोडणार न्हाई. तू औषध मारायचं न्हाई, युरिया टाकायचा न्हाई. रेघाळलेलं पानबी झाडाला थोडंफार जेवू घालतं, ते राहू दे. तू न्हाई पाळलंस तर माझं पाळणं वाया जाईल आन् मी सूसला जाईन. तुला तेच पाहिजे असंल तर फवार. पण पाखरू सूसला येणार न्हाई, ते तुझ्यापाशीच राहील.

मैत्री झाली असं समजू नये.

गोजराबाई


॥ श्री ॥
रिहे, २० सप्टेंबर

तीर्थरूप जाऊबाईंस,

सा. न. वि. वि.

चोरी कबूल केलीत, बरं केलंत. मी झोपले नव्हते. खिडकीतनं बघत होते आन् म्हणत होते, आता हिला माझी वाळकी पानंबी पाहिजेत.

तुमचं म्हणणं मला पटलं न्हाई. पण तीन महिने औषध मारून काय झालं, तेबी दिसतंय. शंभूला सांगितलं. त्यो म्हणाला, थोरल्या आईनं बरणीत बघितलं म्हणून मी पंप ठेवायचा का. मी म्हणले, व्हय. त्यो दोन दिवस नीट जेवला न्हाई.

युरिया बंद, औषध बंद. पण मीबी तुमच्यावर नजर ठेवून हाय. हात शिवशिवला तर पदरात गुंडाळावा.

लोभाचं दिवाळीनंतर बघू.

सौ. हेमलता


॥ श्री ॥
रिहे, ३ ऑक्टोबर

हेमलता,

परवा सकाळी तुझ्या अंगणात पंपाचा आवाज आला. कान गेले तरी तेवढं मला ऐकू येतं. शब्द पाळता येत नसंल तर सातवी कशाला झालीस?

गोजराबाई


॥ श्री ॥
रिहे, ८ ऑक्टोबर

जाऊबाईंस नमस्कार.

त्या दिवशी खंडेनवमी होती. साऱ्या दुनियेनं अवजारं धुतली, शंभूनं पंप धुतला. आत साधं पाणी होतं. त्याला हळदकुंकू वाहिलं आन् परत माळ्यावर ठेवला. माळ्याची चावी माझ्या कनवटीला हाय.

आता तुमचं. विहिरीकडच्या झाडाची दोन पानं शनिवारी कुणी तोडली? मी मोजलेली होती.

सौ. हेमलता


॥ श्री ॥
रिहे, १२ ऑक्टोबर

हेमलता,

तोडली. हाताला सवय. परत व्हणार न्हाई.

गोजराबाई


॥ श्री ॥
रिहे, २७ ऑक्टोबर

चि. सायलीस आशीर्वाद. वि. वि.

परीक्षा कशी गेली ते नंतर कळव. आधी काल काय झालं ते वाच.

तुझा बाप दहा वाजता टेम्पो घेऊन आला. बागेत शिरला. जुनी पानं सारी मुरडलेली, रेघाळलेली, काही करपलेली. आपण ती राखलीत हे त्याला काय ठाऊक. चार झाडं बघितली आन् म्हणाला, आई, यात काय उरलंय, भांडी बांध. शेंड्याकडं त्यानं बघितलंच न्हाई. नवरात्रात फुटलेली पालवी तितं होती, हिरवीगार, शंभर पानांत पाच-सात रेघा. मला सांगता आलं असतं. पण ज्याला आपल्या बागेत वर बघावंसं वाटत न्हाई, त्याच्यापुढं मी हात जोडणार न्हाई. मी आत गेले आन् खरंच भांडी बांधायला लागले. चुलीवरचा तवा दोनदा पोत्यात घातला आन् दोनदा परत काढला, तेबी लिवून टाकते, तू कुणाला सांगणार न्हाईस.

तितक्यात ती बांध ओलांडून आली. अकरा वर्सांत पयल्यांदा तिचा पाय माझ्या रानात पडला. माझ्याकडं बघितलं न्हाई. शेखरचा दंड धरून त्याला झाडापाशी नेलं, फांदी खाली वाकवली आन् आधी शेंडा दाखवला, मग बूड. मग आपल्या बागेत नेऊन तेच दाखवलं. तिच्या पदराला दोन मुडपलेली पानं बांधलेली होती. ती उकलून काळ्या माशीनं खाल्लेल्या अळीचं वाळकं कातडं त्याच्या तळहातावर ठेवलं. माझ्याकडनं गेलीय म्हणे माशी तिच्याकडं. तुझा बाप म्हणाला, काकी, तुमी दोघी तर बोलत न्हाई. ती मला दारात ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, बोलायचा काय संबंध, हिला नेलीस तर हितं जो कोण येईल त्यो वाटंल त्या दिवशी कात्री लावंल, मग पाखराला परत बारमाही जेवण, आन् माझा शंभू दुसऱ्या दिवशी पंप उतरवंल. मला हिच्या बाजूला हीच पाहिजे, कारण ही हट्टाला पेटली की पान तोडत न्हाई. आन् वर म्हणाली, दोनच तोडली.

तुझ्या बापानं टेम्पोवाल्याला चहा पाजला आन् रिकामा परत धाडला. पुढच्या दिवाळीला परत बघू म्हणाला. बघू दे. भांडी अजून पोत्यातच हायेत, गुडघे दुखतात म्हणून. येशील तवा काढ.

लोभ हाय. एकदाच लिवते.

आजी


॥ श्री ॥
रिहे, २९ ऑक्टोबर

सौ. हेमलता हिस आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तू शेखरशी बोललीस, माझ्याशी न्हाई. तवा आपलं हाय तसंच हाय. आभार मानणार न्हाई, तू माझ्यासाठी आलीच नव्हतीस.

मार्गशीर्षातल्या पयल्या सोमवारी, थंडीनं पाखरू कमी झालं की, मी छाटणीला सुरवात करणार. विहिरीकडनं, रोज पाच झाडं. तूबी त्याच दिवशी विहिरीकडनंच सुरू कर आन् रोज पाचच घे. पुढं पळू नकोस, मागं राहू नकोस. शंभूला कात्री देऊ नकोस, त्यो खोड दिसंपर्यंत कापतो.

तुझ्या बाजूनं कात्री चाललेली दिसली न्हाई, तर तू मेलीस असं समजून मी बांध ओलांडीन, आन् तुझी झाडं मला पाहिजेत तशी छाटून मगच परत येईन.

गोजराबाई